लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय? मोठेपणी सुटलेली तपासणी पुन्हा सुरू करण्याचा क्रम

जन्मतः हृदयात दोष होता, लहानपणी ऑपरेशन झालं, सोळा-सतरा वर्षांचे होईपर्यंत आईवडील दरवर्षी दाखवायला नेत होते. मग कॉलेज, नोकरी, लग्न यात ते जाणं सुटलं. आता तिशी-चाळिशीत दुसऱ्या मजल्यावर पोचताना दम लागतो. अशी माणसं पुष्कळ आहेत आणि बहुतेक जण एकाच ठिकाणी चुकतात: आधी तपासण्या करून घेतात, मग डॉक्टर शोधतात आणि जुने कागद सगळ्यात शेवटी. जवळच्या लॅबमध्ये ‘फुल बॉडी चेकअप’, पाठोपाठ टूडी इको. रिपोर्टवर ‘एलव्हीईएफ ६० टक्के’ दिसलं की घरचे निश्चिंत होतात. पण तो आकडा डाव्या कप्प्याच्या ताकदीचा असतो, आणि जन्मजात दोषांच्या कितीतरी प्रकारांत थकत जातो तो उजवा कप्पा.

क्रम असा हवा: आधी कागद, मग डॉक्टर, मग तपासण्या, त्यानंतर घरची नोंद. ज्यांचं ऑपरेशन झालंच नाही, ‘भोक लहान आहे, पुढे बघू’ म्हणून राहून गेलं, त्यांनाही हाच क्रम लागू आहे.

## सुरुवातीआधी: आपल्या प्रकारात काय बिघडतं ते ओळखा

मोठेपणी लागणाऱ्या या दमामागे हार्ट फेल्युअर असू शकतं. त्याचा अर्थ हृदय बंद पडणं नाही. हृदय चालू असतं, पण शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलण्यात कमी पडतं आणि मागे रक्त तुंबत जातं. लहानपणच्या दोषातून ते कसं होतं, हे दोषागणिक वेगळं आहे.

फॅलोट्स टेट्रालॉजी. ‘निळं बाळ’ म्हणून ऑपरेशन झालेल्यांत हा दोष नेहमीचा. ऑपरेशनमध्ये फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करतात. ती करताना तिथला व्हॉल्व्ह बहुधा गळका होतो आणि रक्त उजव्या कप्प्यात परत येत राहतं. वीस-तीस वर्षं काहीच जाणवत नाही, कप्पा मात्र ताणत जातो. पायजम्याचं इलॅस्टिक एका हद्दीपलीकडे ताणलं की पुन्हा आवळत नाही, तसंच त्याचं होतं.

मस्टर्ड किंवा सेनिंग ऑपरेशन. मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल असलेल्या मुलांवर पूर्वी हे करत. यात उजवा कप्पाच आयुष्यभर साऱ्या शरीराला रक्त पुरवतो. तो त्या कामासाठी बनलेला नाही, त्यामुळे मोठेपणी थकतो.

फॉन्टान ऑपरेशन. एकाच चालत्या कप्प्यावर जगणाऱ्यांसाठी. शरीरातलं अशुद्ध रक्त पंपाशिवाय थेट फुफ्फुसात जातं. त्याचा भार यकृतावर पडतो, म्हणून यांच्या हृदयाइतकंच यकृताकडे लक्ष द्यावं लागतं.

न बुजवलेलं वरच्या कप्प्यांतलं छिद्र. चाळिशीपर्यंत अनेकांना पत्ताही नसतो. मग उजवी बाजू मोठी झालेली आढळते, ठोके अनियमित होतात.

वेळेवर न बुजवलेलं खालच्या कप्प्यांतलं मोठं छिद्र. फुफ्फुसातला दाब इतका वाढतो की रक्ताची दिशा उलटते आणि ओठ-नखं निळसर होतात. याला आयझेनमेंगर म्हणतात. या टप्प्यावर छिद्र बुजवणं धोक्याचं असतं. ‘आता तरी ऑपरेशन करून टाका’ असा आग्रह धरू नका.

महाधमनीतली अरुंद जागा. ती काढून टाकलेली असली तरी रक्तदाब वाढू शकतो आणि तीच जागा पुन्हा अरुंद होऊ शकते.

## टप्पा १ : कागद जमवा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. नव्या डॉक्टरला तुमच्या छातीत नेमकं काय केलंय हे कळलं नाही, तर पुढची प्रत्येक तपासणी अंदाजाने वाचली जाते.

काय हवं आहे:

१. डिस्चार्ज कार्ड.
२. ऑपरेशन नोट. डिस्चार्ज कार्डावर ‘दुरुस्ती केली’ एवढंच असतं. कोणता पॅच लावला, व्हॉल्व्हच्या कड्यातून कापलं का, नळी किती मिलिमीटरची घातली, हे ऑपरेशन नोटमध्ये असतं. ती वेगळी मागावी लागते.
३. कॅथ (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी नेऊन केलेली तपासणी) किंवा अँजिओग्राफीचा रिपोर्ट.
४. जुने इको आणि जुना ईसीजी. किती जुना, याला महत्त्व नाही. जितका जुना तितकी तुलना बरी होते.
५. डिव्हाइस (छिद्र बुजवायची छत्री), कृत्रिम व्हॉल्व्ह किंवा पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड.

घरात सापडलं नाही तर जुन्या रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असतात. म्हणजे १९९८ सालची फाइल नष्ट झाली असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पण तेवढ्यावर परत फिरू नका. ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर आणि विभागाची स्वतःची नोंदवही वेगळी असू शकते. त्यांचं नाव घेऊन चौकशी करा.

अर्जात आजचं नाव लिहून लोक फसतात. लग्न झालेल्या बाईची नोंद माहेरच्या नावाने असणार. तान्हेपणी दाखल केलेल्या मुलाची नोंद आईच्या नावापुढे ‘बेबी ऑफ’ लावून असू शकते. तेव्हाचं नाव, वडिलांचं नाव, तेव्हाचं गाव आणि अंदाजे महिना-वर्ष, सगळं लिहा.

रुग्णालयातून काहीच मिळालं नाही तर पैशाच्या वाटेने शोधा. ऑपरेशनला जीवनदायी योजनेतून, एखाद्या देवस्थान ट्रस्टकडून किंवा मुख्यमंत्री निधीतून मदत मिळाली असेल, तर तेव्हाच्या अर्जाला निदान आणि खर्चाचं पत्रक जोडलेलं असणार. त्याची झेरॉक्स घरात सापडू शकते. वडील एसटीत, रेल्वेत, शाळेत किंवा सरकारी नोकरीत असतील तर वैद्यकीय बिलांच्या प्रतिपूर्तीची फाइल धुंडाळा. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत असले कागद बरेचदा जपून ठेवलेले असतात.

मग आईला विचारा. रडताना निळं पडत होतं का? खेळता खेळता उकिडवं बसायचं का? (फॅलोटच्या मुलांची ही ओळखीची सवय.) ऑपरेशन एकदा झालं की दोनदा? पहिल्यानंतर ‘मोठं ऑपरेशन नंतर करू’ असं कुणी म्हणालं होतं का?

कागद शून्य असतील तर व्रण बघा:

- छातीच्या मधोमध उभा व्रण: बहुधा हृदय उघडून केलेलं ऑपरेशन.
- बगलेखालून पाठीकडे गेलेला व्रण: महाधमनीची अरुंद जागा, उघडी राहिलेली नळी बांधणं, किंवा तात्पुरता शंट (फुफ्फुसाकडे जादा रक्त नेणारी जोडवाट).
- व्रणच नाही, पण ‘जांघेतून छत्री बसवली’ असं घरचे सांगतात: डिव्हाइस.

सावधान: व्रण फक्त बगलेखाली असेल, मधोमध नसेल आणि ओठ-नखं अजून निळसर असतील, तर तुमचा केवळ शंट झालेला असू शकतो. शंट हा मधला उपाय. मूळ दुरुस्ती राहिलेली असते. ‘माझं ऑपरेशन झालंय’ म्हणणाऱ्यांत असेही निघतात.

सावधान: जुना ईसीजी लॅमिनेट करू नका. तो कागद उष्णतेने काळा पडतो आणि नुसता ठेवला तरी काही वर्षांत पुसट होतो. आजच झेरॉक्स काढा, फोनवर स्कॅन करा. मूळ प्रत कुणालाही देऊन येऊ नका.

शेवटी एका पानावर गोषवारा करा: दोषाचं नाव, प्रत्येक ऑपरेशनचं वर्ष आणि ठिकाण, शरीरात काय बसवलंय, चालू औषधं मिलिग्रॅमसह, ॲलर्जी, रक्तगट, घरच्यांचा फोन.

पुढे जाण्याआधी तपासा: हे पान अनोळखी डॉक्टरने दोन मिनिटांत वाचलं तर त्याला तुमच्या दोषाचं आणि ऑपरेशनचं नाव कळतंय का? ‘हृदयाला भोक होतं, ऑपरेशन झालं’ एवढंच कळत असेल तर अजून शोधा.

## टप्पा २ : डॉक्टर निवडा

आपल्याकडच्या हृदयरोगतज्ज्ञाचा बराचसा दिवस हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी आणि रक्तदाबात जातो. ते कमी प्रतीचे नसतात, पण तुमच्यासारखं हृदय त्यांच्यासमोर क्वचित येतं. तुम्हाला हवा तो जन्मजात दोष असलेल्या मोठ्या माणसांना नियमित बघणारा विभाग. असे स्वतंत्र विभाग भारतात थोडे आहेत. दिल्लीचं एम्स, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, वेल्लोरचं सीएमसी, कोचीचं अमृता या संस्थांत जन्मजात हृदयदोषांचं मोठं काम चालतं. मुंबई-पुण्यात मुलांच्या हृदयाचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करा. मुलांचे हृदयतज्ज्ञ मोठ्यांनाही बघतात. पस्तिसाव्या वर्षी भिंतीवर हत्ती-ससे रंगवलेल्या ओपीडीत बसायला संकोच वाटतो खरा. बसा.

अपॉइंटमेंट घेण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा. जन्मजात दोष असलेले मोठे रुग्ण इथे बघतात का? हृदयाचा एमआरआय इथेच होतो का आणि तो कोण वाचतं? व्हॉल्व्ह बदलायची वेळ आली तर ते इथे होतं का? पहिल्याचं उत्तर ‘हो, सगळेच बघतो’ असं घाईत आलं तर दुसरीकडेही विचारा.

गावातला डॉक्टर सोडू नका. मोठं केंद्र वर्षा-दोन वर्षांतून एकदा. वजन, रक्तदाब, ईसीजी, औषधांच्या चिठ्ठ्या गावात. केंद्राचं पत्र गावच्या डॉक्टरच्या हातात पडलं पाहिजे, ते तुमच्या पिशवीत राहून उपयोग नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ऑपरेशन झालं असेल तर तो आधार अठराव्या वर्षी संपतो. त्यानंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी भेटा, कारण योजनेची मंजुरी प्रक्रियेच्या आधी लागते. आधार आणि रेशनकार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आजच दुरुस्तीला टाका. आरोग्य विमा काढताना लहानपणचं ऑपरेशन लपवू नका. दाव्याच्या वेळी छातीवरचा व्रण लपत नाही.

## टप्पा ३ : तपासण्या, याच क्रमाने

१. हाताने होणारी तपासणी. रक्तदाब दोन्ही हातांत मोजून घ्या. जुन्या पद्धतीच्या शंटमध्ये हाताकडे जाणारी रक्तवाहिनीच कापून वळवत, त्यामुळे त्या हातात नाडी आणि रक्तदाब खोटा कमी येतो. महाधमनीच्या काही ऑपरेशनांत डाव्या हाताचं असंच होतं. वर्षानुवर्षं डाव्या हातात ‘११० बाय ७०’ मोजून घेणारा माणूस उजव्या हातात १६० निघू शकतो. अरुंद महाधमनी असलेल्यांनी उजव्या हातात मोजावं आणि पायातला दाबही एकदा बघून घ्यावा.

बोटाला ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढा. नखांवर मेंदी असेल तर दुसरं बोट किंवा कानाची पाळी वापरा. आलेला आकडा लिहून ठेवा. फॉन्टान झालेल्याचा ९३ हा कदाचित त्याचा नेहमीचा आकडा असेल; तो माहीत नसला की तापात दाखल झाल्यावर धावपळ उडते.

२. ईसीजी. जुन्याशी ताडून. फॅलोटच्या रुग्णांत क्यूआरएस नावाची लहर किती रुंद झाली हे बघतात. १८० मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर घातक ठोक्यांचा धोका वाढलेला असतो. पुढचे निर्णय या एका आकड्याने सोपे होतात.

३. टूडी इको, पण नेमकं विचारून. रिपोर्टमध्ये पाच गोष्टी आहेत का बघा: उजव्या कप्प्याचा आकार, त्याची ताकद, व्हॉल्व्हची गळती किती, छिद्र कुठे उरलंय का, फुफ्फुसातला दाब अंदाजे किती. यातलं काहीच नसेल, फक्त डाव्या बाजूचे आकडे असतील, तर तो रिपोर्ट तुमच्यासाठी अपुरा आहे. इको करणाऱ्याला आधीच गोषवाऱ्याचं पान दाखवा.

४. रक्त. एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवतं; आजचा आकडा पुढच्या तुलनेसाठी), हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम), यकृताच्या चाचण्या. ॲमिओडॅरोन (ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी) चालू असेल तर थायरॉइड. ओठ निळसर राहणाऱ्यांचं हिमोग्लोबिन मुळात जास्त हवं. त्यांच्यात १४ ‘नॉर्मल’ छापून आलं तरी ती लोहाची कमतरता असू शकते. उलट १९-२० बघून ‘रक्त घट्ट झालंय, थोडं काढून टाकू’ असं कुणी म्हटलं तर केंद्राशी बोलल्याशिवाय काढू देऊ नका.

५. चालण्याची किंवा व्यायामाची चाचणी. ‘मला काही त्रास नाही’ या तुमच्या उत्तरावर इथे कुणी विसंबू नये, तुम्हीसुद्धा. ज्याने लहानपणापासून कमी दमात जगायचं शिकून घेतलंय, तो नकळत लिफ्ट घेतो, बाजाराची पिशवी दुसऱ्याकडे देतो, चढावर फोन बघायला थांबतो. सहा मिनिटांची चाल किंवा श्वास मोजत केलेली व्यायामचाचणी हे उघडं पाडते. साध्या टीएमटीतून (ट्रेडमिलवरच्या ईसीजीतून) हा अंदाज पुरेसा येत नाही.

६. होल्टर. २४ तास ठोक्यांची नोंद. लावलेल्या दिवशी आराम करू नका, रोजचं सगळं करा.

७. हृदयाचा एमआरआय. उजव्या कप्प्याचं खरं माप इथे मिळतं. फॅलोटनंतर हा कप्पा पूर्ण भरलेला असताना शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे १६० मिलिलिटरच्या आसपास किंवा पुढे गेला, की त्रास नसतानाही फुफ्फुसाचा व्हॉल्व्ह बदलण्याचा विचार सुरू होतो. ‘छातीत तारा आहेत, एमआरआय होणार नाही’ असं समजून अनेक जण परत जातात. छातीचं हाड बांधायच्या तारांमुळे एमआरआय अडत नाही. पेसमेकर असेल तर मात्र त्याचं कार्ड आधी दाखवा. चालतो की नाही ते त्याच्या प्रकारावर ठरतं.

८. फॉन्टान असेल तर यकृताची सोनोग्राफी, नियमाने. पोट दुखत नसलं तरी.

सावधान: दम लागतो म्हणून गेल्यावर पहिल्याच भेटीत अँजिओग्राफी सुचवली गेली, तर ‘जन्मजात दोषाच्या दृष्टीने याची गरज काय?’ असं विचारा. गरज असूही शकते. पण वरच्या तपासण्यांच्या आधी ती क्वचितच असते.

## टप्पा ४ : पहिल्या भेटीत चार उत्तरं लिहून आणा

बरोबर घरचं एक माणूस न्या. दोघांपैकी एकाने ऐकायचं, दुसऱ्याने लिहायचं.

१. माझ्या शरीराला रक्त पुरवणारा कप्पा कोणता आणि तो आज कसा आहे?
२. काय उरलंय: गळती, छिद्र, अरुंद जागा?
३. पुढचा उपाय कोणता आणि कोणता आकडा आला की तो करायचा?
४. पुन्हा कधी यायचं आणि तेव्हा कोणत्या तपासण्या?

तिसरा प्रश्न सोडू नका. व्हॉल्व्ह बदलायची वेळ त्रास सुरू होण्याआधीची असते. फार लवकर बदलला तर तो झिजून पुन्हा बदलावा लागेल. फार उशीर केला तर कप्पा पूर्ववत होत नाही. मधली खिडकी अरुंद आहे आणि ती मोजमापांवरच ठरते. ‘त्रास झाला की या’ हा सल्ला या रोगात मला पटत नाही. तो मिळाला तर दुसरं मत घ्या.

## टप्पा ५ : घरची नोंद

वही साधी ठेवा. सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे; त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बाकी आठवड्यातून एकदा: शांत बसल्यावरची नाडी, घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा राहतो का, दम न लागता झोपायला किती उशा लागतात.

उजव्या बाजूचं हृदय थकलं की दम लागण्याआधी पोट बोलायला लागतं. उजव्या बरगडीखाली जडपणा, दोन घासांत पोट भरणं, पॅन्ट कमरेला घट्ट होणं. यावर ‘ॲसिडिटी’ म्हणून महिनोन्महिने गोळ्या खाल्ल्या जातात. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाचं पोट फुगत असेल, तर पोटाच्या डॉक्टरला ते ऑपरेशन आधी सांगा.

मीठ ताटात वरून घेणं बंद केलं तरी पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे, सुकट-बोंबील यांतून ते येतंच. सैंधव हे मीठच आहे, त्याने काही वाचत नाही. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोन (लघवीची एक गोळी) किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतही सोडियम असतं.

अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. या गोळ्या शरीरात पाणी धरून ठेवतात. पॅरासिटामॉल चालतं, यकृतावर ताण असलेल्यांनी त्याचंही प्रमाण विचारून घ्यावं.

## टप्पा ६ : औषधं

शेजारच्या काकांना हार्ट फेल्युअरच्या ज्या गोळ्यांनी बरं वाटलं, त्या तुम्हाला लागू पडतीलच असं नाही. त्या औषधांचा पुरावा मुख्यतः डाव्या कप्प्याच्या आजारातला आहे. फॉन्टानमध्ये लघवीची गोळी जास्त झाली तर रक्ताभिसरणच मंदावतं. आयझेनमेंगरमध्ये रक्तदाब उतरवणारी गोळी निळेपणा वाढवू शकते. गोळी कुणी सुरू केली आणि कशासाठी, हे प्रत्येकीपुढे लिहा. स्वतःहून थांबवू नका, स्वतःहून वाढवू नका.

## टप्पा ७ : जिथे घाईत चूक होते

ताप. दोन-तीन दिवसांहून जास्त ताप, थंडी वाजून येणं, रात्री घाम. गावात लगेच अँटिबायोटिक सुरू होतं. हृदयाच्या आतल्या पडद्याचा जंतुसंसर्ग असेल तर त्याने ताप दबतो, जंतू सापडत नाहीत आणि आजार आत वाढत राहतो. अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची चाचणी), तेही वेगवेगळ्या ठिकाणाहून तीनदा. हे वाक्य गोषवाऱ्याच्या पानावर ठळक लिहा.

दात. कृत्रिम व्हॉल्व्ह, पूर्वी झालेला हृदयाचा जंतुसंसर्ग, दुरुस्त न झालेला निळेपणाचा दोष, किंवा पॅचच्या कडेने उरलेली गळती: यांपैकी काही असेल तर दात काढण्याआधी, हिरड्यांच्या कामाआधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. मोठ्यांसाठी नेहमीचा डोस ॲमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, अर्धा ते एक तास आधी, ॲलर्जी नसेल तर. सगळ्यांना तो लागत नाही, म्हणून तुमच्या केंद्राकडून ‘लागतो’ किंवा ‘नाही’ असं लेखी घ्या. रोज दात नीट घासणं मात्र सगळ्यांना लागतं. तंबाखू-मिश्री सोडा.

गरोदरपण. भेट मूल राहण्याआधी हवी. अनेक जणींना काळजीपूर्वक बाळंतपण शक्य असतं; आयझेनमेंगरमध्ये मात्र आईच्या जिवाला फार मोठा धोका असतो. कृत्रिम धातूचा व्हॉल्व्ह आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधीच आखणी लागते. फॉन्टान, निळेपणा किंवा आयझेनमेंगर असणाऱ्यांनी इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेऊ नयेत, कारण गुठळीचा धोका वाढतो. पाळी पुढे ढकलायची गोळीसुद्धा विचारूनच. मूल राहिलं तर १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचा इको. लग्न ठरवताना हे लपवण्याचा सल्ला देणारे नातेवाईक भेटतात. बाळंतपणाच्या टेबलावर ते नसतात.

धडधड. जुन्या टाक्यांभोवती विजेचा प्रवाह गोल फिरायला लागला की ठोके वाढतात, आणि ते फार जोरातही नसतात. फॉन्टान किंवा मस्टर्ड झालेल्या माणसाची नाडी शांत बसल्यावरही सलग ११०-१२० राहिली आणि ताप नाही, तर ‘टेन्शन आहे’ म्हणून सोडू नका. धडधड चालू असतानाच जवळ मिळेल तिथे ईसीजी काढून घ्या.

## टप्पा ८ : अचानक बिघडलं तर

भोवळ येऊन पडणं, बसूनही दम, फेसाळ गुलाबी कफ, छातीत धडधडून डोळ्यांपुढे अंधारी: १०८ ला फोन करा, दुचाकीवरून नेऊ नका. माणसाला टेकून बसवा, सपाट झोपवू नका. भोवळ आली असेल तर मात्र आडवं करा.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य ‘याला जन्मजात हृदयदोष आहे’ हे असू द्या आणि गोषवाऱ्याचं पान हातात द्या. छिद्र उरलेलं किंवा निळेपणा असेल तर सलाइनच्या नळीत हवेचे बुडबुडे नकोत, असं नर्सला सांगा. ते थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतात. रक्तदाब कोणत्या हातात मोजायचा तेही सांगा. इंजेक्शन किंवा शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणले तर निघण्याआधी दोन ईसीजी मागून घ्या, धडधड चालू असतानाचा आणि ती थांबल्यानंतरचा. दोन्हींचे फोटो त्याच दिवशी मोठ्या केंद्राकडे पाठवा आणि पुढच्या भेटीची तारीख अलीकडे ओढून घ्या.